ग्रंथालय नव्या प्रणालीवर नेताना मराठी-कन्नड नोंदी पुन्हा पुन्हा का बिघडतात, आणि त्या कुठे दुरुस्त करायच्या

जुन्या प्रणालीतून यादी काढली, नव्या प्रणालीत चढवली. इंग्रजी पुस्तकं नीट आली, मराठी आणि कन्नड नोंदींची मात्र वाट लागली. कर्मचाऱ्यांनी दिवसच्या दिवस बसून त्या हाताने सुधारल्या, ओपॅक (वाचकांना शोधायला दिलेली कॉम्प्युटरवरची यादी) बरा दिसू लागला. मग दुसऱ्या विभागाचा गठ्ठा चढवला आणि पहिले पाढे पंचावन्न.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, वरती बीदर-भालकी. या पट्ट्यातलं विद्यापीठाचं किंवा मोठ्या कॉलेजचं ग्रंथालय म्हटलं की कन्नड, मराठी, इंग्रजी, हिंदी सगळं एकाच छताखाली आलं. त्यामुळे हे दुखणं आपल्याकडे दुप्पट जाणवतं. काउंटरवर विद्यार्थी सांगतो, ‘सर, पुस्तक रॅकवर दिसतंय की, कॉम्प्युटर नाही म्हणतोय.’ हे हसण्यावारी नेऊ नका. यादीत न सापडणारं पुस्तक कुणी मागत नाही, न मागितलेलं पुस्तक देवघेवीच्या आकड्यांत येत नाही, आणि पुढच्या छाननीत ‘वापर नाही’ असा शेरा मारून तेच आधी बाहेर काढलं जातं. देणगीतून आलेली, पुन्हा छापली न जाणारी जुनी मराठी पुस्तकं अशीच जातात.

बहुतेक वेळा दोष नव्या प्रणालीचा नसतो. जुनी यादी एकसंध आहे हे आपण गृहीत धरतो, पण तसं नसतं. वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या फॉन्टांत टाइप केलेले चार-पाच गठ्ठे तिथे एका फाइलीत पडलेले असतात. त्या सगळ्यांवर एकच कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून देणारं सॉफ्टवेअर) फिरवला की एक गठ्ठा सुधारतो आणि दुसरा बिघडतो. आणि दुरुस्ती नव्या प्रणालीत केली, तर मूळ फाइल बिघडलेलीच राहते. पुढच्या खेपेला तीच फाइल पुन्हा चढते. म्हणून दुरुस्ती मधल्या टप्प्यावर व्हायला हवी: जुन्यातून काढल्यानंतर, नव्यात घालण्याआधी, गठ्ठ्यागणिक.

आधी लक्षण नीट बघा

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर त्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नाही, एवढंच. नोंदींना हात लावू नका. दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर उघडून बघा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान इंग्रजी ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर यूनिकोडच (सगळ्या लिप्यांसाठीचा सामायिक संकेत) आहे. मधल्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने तो यूटीएफ-८ (यूनिकोड साठवण्याची नेहमीची रीत) ऐवजी विंडोज १२५२ या पाश्चात्त्य संकेतात वाचला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, कन्नडचंही. पहिला बाइट दोन्हींत एकच, म्हणून तो ‘ए’ सगळीकडे दिसतो. भाषा दुसऱ्या बाइटवरून ओळखता येते. ‘ए’च्या मागे ¤ किंवा ¥ असेल तर मूळ मजकूर देवनागरी, आणि वर चढवलेला लहान ² किंवा ³ असेल तर कन्नड. कचऱ्याकडे नुसतं बघून कुठली नोंद मराठी आणि कुठली कन्नड हे सांगता येतं. गठ्ठे पाडताना याचा फार उपयोग होतो.

अशा नोंदी उलट दिशेने फिरवून सुधारता येतात असं बरेच जण सांगतात. अर्धवटच येतात. विंडोज १२५२ मध्ये पाच बाइटना अक्षरच नेमलेलं नाही, आणि आपल्या दुर्दैवाने हलन्त, पहिला उकार, झ, ए आणि ऐ यांचा तिसरा बाइट नेमका त्या पाचांपैकी आहे. वाटेतल्या सॉफ्टवेअरने ते बाइट गाळले असतील, तर परत फिरवलेल्या मजकुरात जोडाक्षरं फुटलेली आणि उकार गळालेले दिसतात. ‘पुस्तक’ या एका शब्दात उकारही आहे आणि हलन्तही, म्हणजे दोन घाव. तेव्हा बिघडलेल्या नोंदीवर मेहनत घेण्यापेक्षा जुन्या प्रणालीतून ताजी फाइल काढणं हाच मार्ग.

हा बिघाड दोन ठिकाणी होतो. पहिलं ठिकाण मार्क नोंदीचा लीडर. मार्क म्हणजे ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला साचा, आणि लीडर म्हणजे नोंदीच्या सुरुवातीची माहितीची ओळ. त्यातल्या ०९ या स्थानावर लहान इंग्रजी ‘ए’ असेल तर नोंद यूनिकोडमध्ये आहे असं समजलं जातं. ते रिकामं असेल तर मार्क-८ या जुन्या संकेतात आहे असं समजून ती रूपांतरित केली जाते. मार्क-८ मध्ये देवनागरीही नाही आणि कन्नडही नाही. जुन्या प्रणालीतून काढलेल्या फाइलींत हे स्थान रिकामं राहिलेलं असू शकतं, मजकूर यूटीएफ-८ असला तरी. मार्कएडिट या मार्क फाइली सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून हे स्थान सगळ्या नोंदींत भरा, मगच चढवा. कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये फाइल स्टेज करतानाही, म्हणजे चढवण्याआधी आत घेतानाही, संकेत विचारला जातो, तिथे यूटीएफ-८ निवडलंय ना ते बघा.

दुसरं ठिकाण एक्सेल, आणि पुनःपुन्हा होणाऱ्या बिघाडाचं सगळ्यात मोठं कारण हेच. यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) निघते. कुणीतरी ‘नुसती बघून घेऊ’ म्हणून तिच्यावर डबल क्लिक करतं. फाइलीच्या सुरुवातीला यूनिकोडची खूण नसेल तर एक्सेल ती विंडोजच्या ठरलेल्या संकेतात उघडतं. समोर कचरा दिसतो, आणि जाता जाता सेव्ह होतं. बारकोडचे सुरुवातीचे शून्य उडतात ते वेगळंच. मराठी नीट दिसत असतानाही साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात सेव्ह केलं तर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. फाइल बघायचीच असेल तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा. ते उघडण्याआधी संकेत विचारतं. एक्सेलच हवं असेल तर डेटा या टॅबमधून आयात करा, संकेत ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा आणि बारकोड व ॲक्सेशन नंबर (पुस्तक दाखल होताना दिलेला क्रमांक) यांचे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा.

सलग प्रश्नचिन्हं दिसली तर त्या फाइलीत मजकूर उरलेलाच नाही. कुठलाही कन्व्हर्टर तो परत आणू शकत नाही. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

जुन्या फॉन्टांतले गठ्ठे

इंग्रजी अक्षरं, टक्क्याचं चिन्ह, कंस, दोन टिंबांचा ‘यू’ अशी खिचडी दिसत असेल आणि विशिष्ट फॉन्ट निवडला की लगेच वाचता येत असेल, तर तो यूनिकोडच्या आधीचा मजकूर. यात आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. पुण्या-कोल्हापूरकडे काम सहसा श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या फॉन्टांपाशी संपतं. आपल्याकडे कन्नडसाठी नुडी आणि बरहा होते, आणि बरहामध्ये देवनागरीही टाइप करता येत असे. म्हणजे कन्नड ऑपरेटरने भरलेल्या मराठी नोंदी बरहाच्या देवनागरी फॉन्टात, आणि शेजारच्या टेबलावर भरलेल्या दुसऱ्याच फॉन्टात असू शकतात. दोघांचे नकाशे वेगळे. एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्यावर चालवला की अक्षरं तर येतात, पण शब्द भलतेच.

गठ्ठे पाडायला पहिला आधार ॲक्सेशन नंबर. जुन्या पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घेताना काम बहुधा नंबरांच्या पट्ट्यांनी वाटलेलं असतं: अमुकपासून तमुकपर्यंत एक माणूस, पुढचे दुसरा. सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या जुन्या मंडळींना विचारा. कुणी कुठल्या मशीनवर काम केलं हे त्यांना नक्की आठवतं. दुसरा आधार वर्गांक. जुन्या नोंदींत भाषेच्या रकान्यात डोळे मिटून ‘इंग्रजी’ भरलेलं आढळतं, पण ड्यूई वर्गांक (विषयानुसार आकडे देण्याच्या पद्धतीतला) पुस्तकाच्या पाठीवर असतो आणि तो सहसा बरोबर असतो. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, ८९४.८१४ म्हणजे कन्नड साहित्य. एवढ्यावर साहित्याचा मोठा भाग आपोआप वेगळा होतो. मराठीतली इतिहास, समाजशास्त्र, शेती यांची पुस्तकं मात्र यात सापडणार नाहीत, ती डोळ्यांनीच निवडावी लागतात. निवड झाली की भाषेचा कोडही तिथेच भरून टाका, मार्कच्या ००८ या फील्डमध्ये ३५ ते ३७ या स्थानांवर.

प्रत्येक गठ्ठ्याचा कन्व्हर्टर ठरवण्याआधी थोड्या पण कठीण शब्दांवर चाचणी घ्या. ‘कमल’, ‘नगर’ असे शब्द कुठल्याही कन्व्हर्टरमधून सुखरूप बाहेर पडतात. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, जसा दिसतो तसा. यूनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. म्हणून वेलांटी आणि रफार एकत्र आले की कन्व्हर्टरची खरी परीक्षा होते. आर्थिक, वार्षिक, मार्मिक, दृष्टिकोन, त्र्यंबक, हृदय, ऱ्हास, कादंबऱ्या, वाङ्मय, ॲरिस्टॉटल, ऑलिंपिक हे शब्द घ्या. ‘आर्थिक’ची वेलांटी ‘क’वर जाऊन बसली तर तो कन्व्हर्टर त्या गठ्ठ्यासाठी नाही.

एक बारीक गोष्ट इथेच तपासा, कारण ती पडद्यावर जवळजवळ दिसत नाही. काही कन्व्हर्टर ‘ो’ ऐवजी काना आणि मात्रा वेगवेगळे ठेवतात, ‘ऑ’ ऐवजी ‘आ’ आणि वर चंद्र, ‘ॲ’ ऐवजी ‘अ’ आणि वर चंद्र. वाचणाऱ्याला तोच शब्द दिसतो, शोधणाऱ्या यंत्राला वेगळा. यूनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर दोन रीतींनी साठवलं असेल तर एका रूपात आणणं) यांना एक करत नाही, हे बदल स्वतः लिहून घालावे लागतात.

रोमन लिपीत भरलेल्या मराठी नोंदी हा शेवटचा गठ्ठा, आणि त्याला सोपा उपाय नाही. चिन्हांशिवाय लिहिलेल्या रोमनमध्ये मल, माल, मळ, माळ हे चारही शब्द एकच होतात. यंत्राने देवनागरी केली तर अर्धी नावं चुकतात, आणि चुकीची देवनागरी रोमनपेक्षा वाईट, कारण ती बरोबर वाटते. या नोंदी आहेत तशा चढवा, वेगळी खूण करा आणि मुखपृष्ठामागचं शीर्षकपान समोर ठेवून सवडीने देवनागरी भरा. रोमन शीर्षक पुसू नका. ८८० या फील्डची सोय मार्कमध्ये याचसाठी आहे: एकाच नोंदीत दोन लिप्या, एकमेकींना जोडलेल्या.

नोंद बरोबर दिसते, पण शोधल्यावर सापडत नाही

अक्षरं नीट आली म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि तक्रारी इथूनच पुन्हा सुरू होतात. कोहाचं झेब्रा हे शोधयंत्र मुळात लॅटिन लिपीच्या नकाशावर चालतं. मराठी-कन्नडसाठी त्याला आयसीयू (यूनिकोडमधल्या लिप्या हाताळणारं साधन) वापरणाऱ्या अनुक्रमणिकेवर, म्हणजे शोधासाठीच्या सूचीवर, न्यावं लागतं. इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोधयंत्र वापरत असाल तर त्याचाही आयसीयू प्लगइन बसवलेला हवा. मांडणी बदलल्यावर सगळी अनुक्रमणिका पहिल्यापासून बांधायची. नुसत्या नव्या नोंदींची बांधली की जुन्या पुस्तकांना एक न्याय आणि नव्यांना दुसरा, असं होऊन बसतं.

आयसीयू चालू केल्यावरही एक खोड राहू शकते. नियमांच्या फाइलीत ‘जागा न घेणारी चिन्हं काढून टाका’ असा एक नियम असतो. फ्रेंच-जर्मन अक्षरांवरची टोपणं काढायला तो ठीक आहे. देवनागरीत मात्र मात्रा, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे त्याच वर्गात मोडतात. काना आणि दोन्ही वेलांट्या मोडत नाहीत. परिणामी केळ, कूळ आणि कळ हे तिन्ही शब्द अनुक्रमणिकेत ‘कळ’ होतात, ‘काळ’ तेवढा शाबूत राहतो. केळीच्या लागवडीवर पुस्तक शोधणाऱ्याला कूळ कायदा दिसतो तो यामुळे. हा नियम लॅटिन चिन्हांपुरता, म्हणजे यूनिकोडच्या ०३०० ते ०३६एफ या पट्ट्यापुरता आखून टाका.

अदृश्य जोडचिन्हांचंही असंच. झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे ही चिन्हं दिसत नाहीत, पण शब्दात बसलेली असतात आणि शोध चुकवतात. ती काढायला हवीत, पण सरसकट आधी काढू नका. जुन्या पद्धतीने टाइप केलेला ‘दऱ्या’तला अर्धा ‘र’ हा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे यांनी बनलेला असतो. झेडडब्ल्यूजे उडवला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीतल्या दऱ्यांवरचं पुस्तक समुद्राच्या यादीत जाऊन बसतं. तेव्हा आधी त्या तिकडीच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घाला, मग उरलेली जोडचिन्हं काढा. हा क्रम लिहून मशीनजवळ लावून ठेवा.

‘वाङ्मय’ हा शब्द स्वतंत्रपणे तपासा. मराठी विभागातले विद्यार्थी तो सतत शोधतात, आणि यादीत तो वाङमय, वाड्मय, वाङ्‌मय अशा रूपांत सापडतो. टाइप करणाऱ्याची चूक असेल तिथे दुरुस्त करा. पण शीर्षकपानावरच जुनं रूप छापलेलं असेल तर २४५ या शीर्षकाच्या फील्डमध्ये ते जसंच्या तसं राहू द्या आणि आजचं रूप २४६ या पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये द्या. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांवर हे फार लागू होतं. ‘साधनें’, ‘कवि’, ‘गांव’ ही रूपं त्या पुस्तकांची ओळख आहेत, ती नव्या शुद्धलेखनाने घासून काढणं मला मान्य नाही. वाचकाला आजच्या शब्दाने ते पुस्तक मिळालं की झालं.

माणसांची आणि गावांची नावं

द. रा. बेंद्रे यांचं उदाहरण घ्या. मातृभाषा मराठी, लेखन प्रामुख्याने कन्नड, काही मराठीतही, आणि कवितेसाठी ‘अंबिकातनयदत्त’ हे टोपणनाव. जुन्या यादीत ते कन्नड लिपीत, देवनागरीत, रोमनमध्ये आणि टोपणनावाने असे चार-पाच लेखक होऊन बसलेले असतात. हे शीर्षकं दुरुस्त करून सुटत नाही. लेखकाची एक अधिकृत नोंद करा, मुख्य रूप १०० या फील्डमध्ये, बाकी सगळी रूपं ४०० मध्ये, आणि पुस्तकं त्या नोंदीला जोडा. मुख्य रूप कुठल्या लिपीत ठेवायचं यावर बैठकीत आवाज चढतात. मला विचाराल तर त्यावर वेळ घालवू नका. जोडणी पक्की असेल तर कुठल्याही रूपाने शोधलं तरी सगळी पुस्तकं सापडतात.

बेळगावचंही तसंच. सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी झालं, म्हणून काही ठिकाणी प्रकाशनस्थळ एका फटक्यात बदललं जातं. तसं करू नका. पुस्तकावर जे छापलंय तेच प्रकाशनस्थळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेआधीच्या पुस्तकाला आजचं नाव चिकटवलं तर अभ्यासकाची दिशाभूल होते. स्थळनामाच्या अधिकृत नोंदीत सगळी रूपं एकत्र आणा, विषय म्हणून शोधणाऱ्याला ती पुरते.

बुक बँकेच्या क्रमिक पुस्तकांत कधी कधी पूर्ण नोंदच चढत नाही. मार्कच्या नेहमीच्या फाइल प्रकारात एक नोंद ९९,९९९ बाइटपेक्षा आणि एक फील्ड ९,९९९ बाइटपेक्षा मोठं चालत नाही. शेकडो प्रतींचे ९५२ (कोहात प्रत्येक प्रतीची माहिती ठेवणारं फील्ड) आणि देवनागरीतला लांबलचक सारांश मिळून ही मर्यादा ओलांडली जाते. अशा नोंदी मार्कएक्सएमएल या मार्कच्याच दुसऱ्या फाइल प्रकारातून चढवा, तिथे ही अट नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

मूळ फाइल काढली की तिची एक प्रत फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि तिला कुणीही हात लावू नये अशी सोय करा. काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर. प्रत्येक गठ्ठ्याला कुठला कन्व्हर्टर, कुठले बदल, कुठल्या क्रमाने, हे लिहून ठेवा, म्हणजे पुढचा विभाग चढवताना तेच पुन्हा करता येईल. जुनी प्रणाली लगेच बंद करू नका. देवघेव नव्यावर गेली तरी जुनी एका मशीनवर चालू असू द्या.

नवीन नोंदी भरणाऱ्या सगळ्या मशीनवरून जुन्या फॉन्टांचे कीबोर्ड काढा आणि इन्स्क्रिप्ट किंवा यूनिकोडचा फोनेटिक कीबोर्ड बसवा. प्रकाशकाने जुन्या फॉन्टात पाठवलेल्या याद्या थेट चिकटवण्याची सवय मोडावी लागते, नाहीतर वर्षभराने आणखी एक गठ्ठा तयार होतो. त्यावर पहारा म्हणून एक अहवाल दर आठवड्याला चालवा: भाषा मराठी, पण शीर्षकात देवनागरीचं एकही अक्षर नाही. कन्नडसाठी तसाच दुसरा. या अहवालात आलेली नोंद त्याच आठवड्यात, ज्याने भरली त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्या.

आता प्रश्नचिन्हांच्या नोंदी. आधी जुन्या प्रणालीचा बिघाडापूर्वीचा बॅकअप शोधा. तो नसेल तर त्यांची ॲक्सेशन नंबरवार यादी छापा आणि जुनं ॲक्सेशन रजिस्टर काढा. हाताने लिहिलेल्या त्या रजिस्टरात शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत सगळं त्या-त्या लिपीत असतं. रजिस्टरावरून शीर्षक भरा, रॅकवर जाऊन शीर्षकपानाशी ताडून बघा, मगच नोंद खुली करा. मराठी आणि कन्नड दोन्ही सहज वाचणारा माणूस या कामावर बसवा. आपल्याकडे असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. बऱ्याचदा तो पुस्तकं रॅकवर लावणारा शिपाईच असतो, आणि कुठलं पुस्तक कुठे आहे हे यादीपेक्षा त्याला जास्त पाठ असतं. त्याला लॉगिन द्या.